गॅटाका : रक्ताच्या थेंबावर ठरणारी लायकी

दिग्दर्शक अँड्र्यू निकोल यांचा १९९७ सालचा ‘गॅटाका’ हा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. यात ना रणगाडे आहेत, ना हुकूमशहा. आहे ती जन्मताच रक्ताच्या थेंबावरून माणसाची लायकी ठरवणारी एक अत्यंत सभ्य व्यवस्था, आणि मला तीच अधिक भीतिदायक वाटते. या व्यवस्थेने नालायक ठरवलेला नायक व्हिन्सेंट अंतराळात जाण्यासाठी ‘लायक’ ठरलेल्या जेरोमची ओळख उसनी घेतो. रोज सकाळी तो अंग खरवडून निघालेली त्वचा जाळून टाकतो आणि बोटाच्या टोकावर जेरोमच्या रक्ताची इवलीशी पिशवी चिकटवतो. पाय निकामी झालेला जेरोम (ज्यूड लॉ यांची ही भूमिका मला नायकापेक्षा सरस वाटली) एका प्रसंगी केवळ हातांच्या बळावर सरपटत गोल जिना चढतो. त्या जिन्याचा आकार डीएनएच्या पिळासारखा आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आले.