बाबांच्या संगणकातील थांबलेले घड्याळ

गेल्या महिन्यात एका सकाळी कर्वेनगरहून बाबांचा फोन आला. "अरे, कालपासून एकही साइट धड उघडत नाही, बँकेचीसुद्धा नाही. इंटरनेटवाल्याकडे तक्रार नोंदवू का?" मी त्यांना आधी एकच गोष्ट करून पाहायला सांगितली: बँकेचे तेच संकेतस्थळ घरच्याच वायफायवर मोबाईलमधून उघडून पाहा. ते लगेच उघडले. लाइन, राउटर आणि संकेतस्थळ या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत आणि दोष बाबांच्या यंत्रातच आहे, एवढे त्या दोन मिनिटांत स्पष्ट झाले. मोबाईलवरही ते उघडले नसते, तर पुढची पायरी म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट संगणकाला जोडून पाहिला असता. यंत्र तेच ठेवून जोडणी बदलायची किंवा जोडणी तीच ठेवून यंत्र बदलायचे, पण दोन्ही एकदम बदलायचे नाही, हा क्रम मी नेहमी पाळतो, कारण दोन गोष्टी एकत्र बदलल्या की काम झाले तरी ते कशामुळे झाले हे कळत नाही.

संध्याकाळी घरी गेलो, तेव्हा पडद्यावर जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना होती आणि खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. बाबांनी ती पाहिली होती, पण तिचा आणि बँकेचा काही संबंध असेल असे त्यांना वाटले नव्हते, आणि तसे कोणालाही वाटणार नाही. संबंध मात्र अगदी थेट आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असते. ब्राउझर त्या तारखा यंत्राच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ साल दाखवत असेल, तर आजची सगळीच प्रमाणपत्रे त्याच्या लेखी अजून सुरूही झालेली नसतात आणि तो दार उघडत नाही.

तारीख दुरुस्त केली आणि सगळे सुरळीत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २००९. बाबांना रात्री झोपण्यापूर्वी बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय आहे, आणि खरे कारण तिथेच सापडले. वीज पूर्ण बंद असताना संगणकाचे घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. बाहेर काढून मल्टिमीटर लावला, तर काटा दीड व्होल्टच्याही खाली राहिला. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते हे खरे, पण घरगुती यंत्रात तफावत १५ तासांहून जास्त असेल, तर मूळ मांडणीप्रमाणे ती आपोआप दुरुस्त केली जात नाही. इथे तर कित्येक वर्षांची तफावत होती. पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवी बॅटरी आणून बसवली, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, तारीख घातली आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

एक गोष्ट मला इथे कळकळीने सांगायची आहे. अशा सूचनेच्या पानावर "तरीही पुढे जा" असा मार्ग बहुधा दिलेला असतो. बँकेच्या, कराच्या किंवा पेन्शनच्या संकेतस्थळासाठी तो कधीही वापरू नये. ती सूचना आपल्या घड्याळामुळे आली आहे की मध्येच कोणी तोतया बसला आहे, हे त्या पानाकडे पाहून ओळखता येत नाही.

घड्याळ नीट झाल्यावरही दोन-तीन संकेतस्थळे उघडेनात. हा दुखण्याचा दुसरा थर होता. बाबांचे यंत्र विंडोज ७ वर चालते, आणि त्या प्रणालीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि फायरफॉक्सची ११५. शिवाय बाबांनी कित्येक वर्षे अपडेट बंदच ठेवले होते, त्यामुळे संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना हमी देणाऱ्या ज्या मूळ प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवायचा, त्यांची यादीही जुनी राहिली होती. अनेक संकेतस्थळांचा आधार असलेले असेच एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले आणि जगभरातील जुनी यंत्रे त्या दिवशी अडली. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून ११५ वी आवृत्ती घातल्यावर ती संकेतस्थळे उघडली. तरीही आधार संपलेल्या प्रणालीवर पैशांचे व्यवहार करणे मला मान्य नाही. बाबांसाठी विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घेतला आणि व्यवहार तिकडे हलवले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. बाबा निवृत्त शिक्षक. शाळेच्या स्मरणिकांसाठी लिहिलेले त्यांचे पंचवीस वर्षांचे लेख जुन्या यंत्रात होते. ते नव्या लॅपटॉपवर उघडले, तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून नुसते बसून राहिले. जुना मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम चढवू म्हटले, तर तोही चढेना, कारण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या पिढीच्या संगणकांसाठी लिहिलेला होता. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे काहीही चालत नाही. गुणधर्मांमध्ये जाऊन जुन्या आवृत्तीशी सुसंगत असा पर्याय निवडूनही उपयोग होत नाही. तो पर्याय अशा प्रोग्रॅमसाठी नाहीच.

लेख मात्र हरवलेले नव्हते. १९८८ मध्ये पुण्यातच स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांतील अक्षरे साठवण्याचे इस्की हे भारतीय मानकही आले, परंतु डीटीपीच्या दुकानांतून रुळले ते वेगळेच फॉन्ट. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असे. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे फाइलमध्ये साठवलेली ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट असला तर मराठी दिसते, नसला तर ती अक्षरे उघडी पडतात. बाबांच्या बहुतेक फाइली याच फॉन्टमध्ये होत्या. जुन्या यंत्रातून फॉन्टची फाइल आणून नव्यावर बसवताच लेख वाचता येऊ लागले, आणि मग परिवर्तकाने, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, ते युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत उतरवले.

परिवर्तकावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट आहे, तो तिथे अक्षरानंतर आणि इथे आधी. ही अदलाबदल करताना परिवर्तक जोडाक्षरांपाशी चुकतो. बाबांनी प्रत्येक लेख छापून घेतला आणि हातात लाल पेन घेऊन तपासला. पहिल्याच पानावर 'कीर्ती'चा रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला त्यांनी गोल करून ठेवला होता.

आतापर्यंत सतरा लेख तपासून झाले आहेत. मूळ फाइली आणि तो फॉन्ट दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवले आहेत. जुने यंत्र इंटरनेटपासून तोडले आहे, पण ते खोलीतच आहे, कारण शंका आली की बाबा मूळ पान त्याच्यावरच उघडून पाहतात.