सन ११८९, असं भिंतीवर लिहिलंय

आपल्याकडे देऊळ काळ्या दगडाचं आणि जरा पडकं असलं की ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं. कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला, हेही ठरलेलं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कड्याला पाठ लावून बसलेला 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' हा पब मला त्याच जातकुळीतला वाटतो. पांढऱ्या भिंतीवर काळ्या अक्षरांत साल रंगवलंय: ११८९. रिचर्ड राजा गादीवर आला ते वर्ष. धर्मयुद्धाला निघालेले शिपाई म्हणे इथे घसा ओला करून पुढे जेरुसलेमच्या वाटेला लागले.

कागदपत्रं मात्र असलं काही सांगत नाहीत. आजची इमारत जुन्यात जुनी म्हणजे १६५०-६० च्या सुमाराची. १७५१ साली इथल्या पबचं नाव 'द पिलग्रिम' होतं. जेरुसलेम पाटीवर आलं ते अठरावं शतक संपता संपता. त्यात गावातच 'बेल' आणि 'सॅल्युटेशन' हे दोन भाऊबंद 'आम्हीच थोरले' म्हणून बसलेत. तिकडे सेंट ऑल्बन्समधला एक पब तर गिनेस बुकात जाऊन आला. शेवटी २००० साली गिनेसवाल्यांनी सर्वांत जुन्या पबचा विक्रमच बंद करून टाकला. सुटले बिचारे!

थाप आहे म्हणावं, तर पबच्या मागच्या खोल्या खरोखरच डोंगरात कोरलेल्या. नॉटिंगहॅमखालचा वालुकाश्म इतका मऊ, की लोकांनी साध्या हत्यारांनी आठशेच्या वर गुहा खोदल्या. आत बारा महिने गारवा. बिअरची पिंपं ठेवायला याहून चांगली जागा कुठली? वरच्या किल्ल्याची बिअर इथेच बनत असे, असं सांगतात, आणि ते पटतंही. याच कड्यातल्या बोगद्यातून १३३० च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांच्या तिसऱ्या एडवर्ड राजाची माणसं रात्री किल्ल्यात शिरली आणि त्याच्या आईचा प्रियकर रॉजर मॉर्टिमर याला धरून घेऊन गेली. दीड महिन्याच्या आत तो फासावर. एवढा अस्सल इतिहास उशाशी असताना ११८९ कशाला हवं होतं, कोण जाणे.

आत एक खुर्ची आहे, तिच्यावर बसणाऱ्या बाईला दिवस जातात म्हणे. पण माझी आवडती कथा गलबताची. छताला टांगलेलं एक लाकडी गलबत, त्यावर धुळीची जाड पुटं. ज्यांनी ज्यांनी ते पुसलं, ते मेले! मग पुसायला कोण धजणार? धूळ ग्लासात पडायला लागली, तेव्हा सरळ काचेच्या पेटीत घातलं. हा शाप कोणी दिला, ते कोणीच सांगत नाही. मला मात्र दाट संशय आहे तो झाडलोट करणाऱ्या एखाद्या हुशार पोऱ्याचा.