चौघांपैकी एकाकडे मॅप नव्हता

शनिवार, रात्री दीड

आज चौघांनी एकत्र ऑनलाइन गेम खेळायचं ठरलं होतं. महिनाभर कुणाची ना कुणाची अडचण चालली होती, आज एकदाचे जमलो. हेडसेट चढवले, लॉबी (सामन्याआधी खेळाडू जमतात ती जागा) उघडली आणि तिसऱ्याच मिनिटाला गाडी अडली. एकाकडे नवा मॅप पॅक, म्हणजे खेळायच्या नव्या मैदानांचा विकतचा संच, नव्हता. "तुम्ही खेळा रे, मी बघत बसतो," म्हणाला. तसं कोण खेळणार? मग गेलो त्याच जुन्या मॅपवर, जिथली प्रत्येक खिडकी आम्हाला तोंडपाठ आहे. पण पहिला अर्धा तास कुणी धड बोललं नाही. त्याला वाटत होतं, आपल्यामुळे सगळ्यांचा रस गेला. आणि "घेऊन टाक ना" म्हणणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं, म्हणून आम्ही गप्प.

मला तर वाटत होतं हे दुखणं कधीच बरं झालंय. मॅप विकले की खेळाडूंचे दोन तट पडतात, लॉब्या रिकाम्या राहतात आणि शेवटी ज्याने पैसे मोजले त्यालाच मॅच मिळत नाही. हे कळायला या धंद्याला बरीच वर्षं लागली. 2016 साली टायटनफॉल 2 ने नवे मॅप सगळ्यांना फुकट दिले, 2018 साली बॅटलफील्ड 5 ने नव्या मॅपसाठी वेगळे पैसे घेणारा जुना प्रीमियम पास मोडीत काढला. तरी अजून कुणीतरी मॅप विकतंच आहे, आणि आम्ही तिघं ते विकत घेणारे.

पैसे मागतात याचा मला राग नाही, हे आज स्वतःसाठीच लिहून ठेवतो. विचर 3 ने 2015 साली सोळा छोटी ॲड-ऑन (मूळ गेमला जोडायचे जादा भाग) फुकट वाटली आणि नंतर दोन मोठी विकली. त्यातल्या ब्लड अँड वाइनमध्ये तूसाँ नावाचा अख्खा नवा प्रदेश होता. ते संपलं तेव्हा आणखी एक असतं तर तेही घेतलं असतं. 1998 सालचं स्टारक्राफ्टवरचं ब्रूड वॉरही त्याच जातीचं. मूळ गेम पोटभर खेळून झाला होता, तरी भूक उरली होती, म्हणून वर आणखी वाढलेलं. माझं डोकं फिरतं ते पहिल्याच दिवशी मेनूमध्ये कुलूप दिसलं की. मास इफेक्ट 3 आला 2012 साली, आणि त्याच दिवशी त्यातलं एक महत्त्वाचं पात्र वेगळे 10 डॉलर लावून विकायला ठेवलं. म्हणजे ताटातली वाटी उचलायची आणि तिचं वेगळं बिल करायचं.

घोड्याच्या चिलखताची गोष्ट तर दंतकथाच झालीय. 2006 साली ऑब्लिव्हियन गेममधल्या घोड्यासाठी नुसतं एक चिलखत, एक्सबॉक्सवर अडीच डॉलर. सगळं गेमिंग जग खो खो हसलं होतं. 2025 साली त्याच गेमची नवी आवृत्ती आली, तर तिच्या महागड्या डिलक्स संचात पुन्हा घोड्याचं चिलखत! या वेळी हसणं कौतुकाचं होतं. एकोणीस वर्षांत घोडा तोच राहिला, आपण बदललो.

आपण म्हणजे मीही. गेल्या वर्षी एका गोळीबाराच्या गेममध्ये मी स्किन, म्हणजे माझ्या पात्राचा नवा पोशाख, घेतली. काळा कोट, लाल अस्तर. फर्स्ट पर्सन गेम, सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा! मला त्यात फक्त माझ्या बाह्या दिसतात. अख्खा कोट मला गोळी घालणाऱ्याला दिसतो, आणि मी मेल्यावर किलकॅममध्ये, म्हणजे मारणाऱ्याच्या नजरेतून परत दाखवलेल्या दृश्यात, मला. बरं, स्किन गेममधल्या 800 नाण्यांची आणि नाण्यांची पाकिटं 500 किंवा 1000 ची. उरलेली 200 अजून खात्यात पडून आहेत, त्यांत काहीच येत नाही. तो हिशेब चुकून तसा झालेला नाही, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. तरी घेतली.

का घेतली, याचं उत्तर मला फारसं आवडत नाही. अनोळखी लॉबीत साध्या कपड्यांतल्या खेळाडूला 'डिफॉल्ट' म्हणून हिणवतात. फोर्टनाइट खेळणाऱ्या पोरांत तर ती सरळ शिवी झाली. हे कंपनीने आपल्या तोंडात घातलेलं नाही, ते आपण केलं. दुकानाला जाहिरातीची गरजच उरली नाही, आपणच एकमेकांचे सेल्समन झालो.

मॉडचं, म्हणजे खेळाडूंनी स्वतः गेममध्ये केलेल्या बदलांचं, प्रकरणही आज आठवलं. काउंटर-स्ट्राइक हा मुळात खेळाडूंनी हाफ-लाइफवर बनवलेला मॉड, डोटा हा वॉरक्राफ्ट 3 मधला नकाशा. फुकट, हौसेखातर केलेली कामं. म्हणून एप्रिल 2015 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिम या गेमचे मॉड विकायला निघाले तेव्हा मीही तावातावाने भांडलो होतो. आठवडाभरही तो प्रकार टिकला नाही आणि आम्ही जिंकल्यासारखे नाचलो. आता वाटतं, निम्मी चूक आमची होती. वर्ष-वर्ष राबून मॉड करणाऱ्याला चार पैसे मिळाले तर माझ्या पोटात का दुखावं? संतापायचं होतं ते त्याच्या हाती विक्रीतला जेमतेम 25 टक्के वाटा यायचा त्यावर. आम्ही ओरडत होतो 'फुकट द्या' म्हणून.

लॉग ऑफ करताना तो मित्र म्हणाला, "पगार झाला की घेतो मॅप पॅक." मी "बरं" म्हणालो आणि तेव्हापासून ते "बरं" डोक्यात घोळतंय. झोप लागेना म्हणून माझ्या गेमची लायब्ररी चाळत बसलो. स्टेलॅरिस आणि क्रुसेडर किंग्जसारख्या गेममध्ये होस्टकडे, म्हणजे सामना उभा करणाऱ्याकडे, ॲड-ऑन असलं की त्या सामन्यात बाकी सगळ्यांनाही ते मिळतं, हे मी पार विसरलो होतो. माझ्याकडे स्टेलॅरिसची ढीगभर ॲड-ऑन आहेत, सेलमध्ये घेतलेली, निम्मी उघडूनही न पाहिलेली.

ग्रुपवर मेसेज टाकला: पुढचा शनिवार स्टेलॅरिस, होस्ट मी, मूळ गेम असला की पुरे.

पहिला अंगठा त्याचाच आला. म्हणजे तोही जागाच होता.