बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा कॉल

काम तसे नेहमीचेच होते. एका लहान कार्यालयात चार ॲनालॉग लाइन, त्यांना जोडलेले जुने ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत एक्स्चेंज, आणि टेबलाटेबलावर दोन तारांचे फोन होते. ईपीएबीएक्सचे एक्स्टेन्शन कार्ड निकामी झाले होते आणि त्या जातीचे कार्ड आता मिळत नव्हते, म्हणून सगळेच काढून व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेटवरून कॉल नेणारी यंत्रणा बसवायचे ठरले. नवे आयपी फोन मांडले, त्यांना नेटवर्कच्याच केबलमधून वीज देणारा स्विच बसवला, आवाजाच्या पॅकेटांना आधी वाट मिळावी म्हणून फोनसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा केला आणि जुनी यंत्रणा चालू ठेवूनच तात्पुरत्या क्रमांकावर चाचण्या घेतल्या. त्यांत येणारे आणि जाणारे असे दोन्ही प्रकारचे लांबलचक कॉल होते आणि एकही तुटला नव्हता. त्यानंतरच मुख्य क्रमांक नव्या सेवेकडे वळवला.

वळवलेल्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच तक्रारी सुरू झाल्या. बोलता बोलता कॉल तुटत होते. प्रत्येकाकडे आपापले कारण तयार होते: कोणी नव्या हँडसेटला दोष देत होते, कोणी इंटरनेटला, आणि जुनेच बरे होते असे म्हणणारेही अर्थातच होते. इंटरनेटचा संशय मला पटण्यासारखा नव्हता. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या जी.७११ या पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि पॅकेटांची वेष्टने धरली तरी एका दिशेला सुमारे ८७ किलोबिट होतात. म्हणजे दहा जण एकाच वेळी बोलत असले तरी एक मेगाबिटही पुरते खर्च होत नाही. शिवाय लाइन अपुरी पडली तर आवाज आधी फाटतो, शब्द गळतात. इथे आवाज स्वच्छ होता आणि कॉल मात्र एकदम जात होता. कार्यालयाचे प्रमुख मला म्हणाले, "आवाज इतका छान येतोय, मग फोन मधेच जातो कसा?" त्या दिवशी विचारलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता.

ॲनालॉग लाइनवर असा प्रश्न पडतच नाही, कारण तिथे सगळे एकाच तारजोडीवर घडते. एक्स्चेंज त्या जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब ठेवते. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहू लागतो आणि तेवढ्यावरून एक्स्चेंजला फोन उचलल्याचे कळते. घंटी, बोलणे आणि फोन ठेवणे या सगळ्यांची वाट एकच असते. व्हीओआयपीमध्ये कॉल लावण्या-तोडण्याची बोलणी एसआयपीच्या संदेशांतून होतात आणि प्रत्यक्ष आवाज आरटीपीच्या वेगळ्या पॅकेटांतून जातो. त्यामुळे आवाज ठणठणीत असतानाही कॉलची बोलणी फिसकटू शकतात. दोष या बोलण्यांच्याच वाटेवर असणार, एवढे उघड होते.

धागा सापडला तो रिसेप्शनवरच्या बाईंमुळे. येणारा-जाणारा प्रत्येक कॉल वहीत लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय होती आणि त्या दिवशी तुटलेल्या प्रत्येक कॉलपुढे त्यांनी पेन्सिलीने फुली मारली होती. वही माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "सर, हे बघा, आपण केलेला एकही फोन तुटलेला नाही. बाहेरून येतात तेवढेच जातायत, आणि तेही अर्ध्या मिनिटात." मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पुढच्या कॉलला फोनच्या पडद्यावरचे वेळेचे आकडे पाहत राहिलो. कॉल तुटला तेव्हा पडद्यावर ००:३२ होते. त्यानंतरचा कॉलही ००:३२ लाच गेला.

एसआयपी हाताळणाऱ्याला हा आकडा ओळखीचा असतो. बाहेरून कॉल येतो आणि आपण फोन उचलतो, तेव्हा आपला सर्व्हर, म्हणजे नव्या यंत्रणेत कॉल जोडणारा संगणक, सेवादात्याला '२०० ओके' हा संदेश पाठवतो आणि तो मिळाल्याची पोच म्हणून तिकडून 'ॲक' यावा लागतो. पोच आली नाही तर सर्व्हर तोच संदेश अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग एक, दोन, चार सेकंदांनी आणि पुढे दर चार सेकंदांनी पाठवत राहतो. एसआयपीचा मूळ टाइमर अर्ध्या सेकंदाचा आहे. त्याच्या चौसष्ट पट, म्हणजे ३२ सेकंद, वाट पाहून सर्व्हर आशा सोडतो आणि स्वतःच कॉल बंद करतो. जाणाऱ्या कॉलला पोच आपल्याकडून जाते, म्हणून ते तगत होते. मी खात्रीसाठी विचारले, तेव्हा दोघा-तिघांनी सांगितले की आपण केलेल्या कॉलमध्ये समोरच्याने फोन ठेवला तरी आपल्या फोनवर कॉल चालूच दिसतो. ही तक्रार आपण होऊन कोणी केली नव्हती, पण तिचे मूळही तेच होते: बाहेरून येणारे संदेश आमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नव्हते.

पॅकेट पकडून पाहिली तेव्हा '२०० ओके' एकाखाली एक ओळीने दिसले आणि 'ॲक' एकही नव्हता. आमच्या संदेशात परतीचा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक, मात्र बिनचूक होते. तोच संदेश पलीकडे कसा पोहोचतो ते पाहण्यासाठी सेवादात्याच्या मदतकक्षाकडून त्यांच्या बाजूची नोंद मागवली. तोपर्यंत कामे अडू नयेत म्हणून येणारे कॉल दोन मोबाइलवर वळवून दिले. नोंद आली तेव्हा तीत पोर्टचा आकडा वेगळाच होता. वाटेत कोणीतरी चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला होता, आणि वाटेत राउटरखेरीज कोणीच नव्हते.

राउटर नवा होता. आदल्या संध्याकाळी इंटरनेटचा वेग वाढवून घेताना जुना राउटर काढून हा बसवला गेला होता आणि फोनशी त्याचा काही संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते. त्यात एसआयपी एएलजी ही सोय मुळातच चालू होती. आतल्या खासगी पत्त्यामागच्या फोनचे संदेश बाहेर जाताना दुरुस्त करावेत हा तिचा हेतू. पण सर्व्हर स्वतःच योग्य सार्वजनिक पत्ता लिहीत असेल तर ही दुसरी दुरुस्ती घातक ठरते. माझ्या मते ही सोय कारखान्यातूनच बंद होऊन यायला हवी. नवा कॉल तेवढा आत येत होता, कारण आमच्या सर्व्हरने सेवादात्याकडे केलेल्या नोंदणीची पॅकेटे ज्या पत्त्यावरून आली तिकडेच तो पाठवण्याची सेवादात्याची पद्धत होती. मी एएलजी बंद केले तरी कॉल तुटतच राहिले, कारण आधीच्या जोडण्यांची नोंद राउटरने धरून ठेवली होती. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बाईंच्या फोनवर पहिला कॉल आला. ००:३२ उलटले, ००:३३ झाले आणि त्या बोलत राहिल्या.

दुपारनंतर उरलेली कामे केली. चारपैकी एक ॲनालॉग लाइन मी मुद्दाम ठेवायला लावली होती. चोरीचा इशारा देणारे पॅनेल त्याच लाइनवरून क्रमांक फिरवत असे, आणि ॲनालॉग फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळत असल्याने कार्यालयातील वीज गेली तरी तो चालतो. आयपी फोन, स्विच आणि राउटर मात्र यूपीएसमध्ये जीव असेल तेवढेच टिकतात. ही लाइन एका गेटवेमार्फत, म्हणजे ॲनालॉग आणि व्हीओआयपी यांना जोडणाऱ्या डब्यामार्फत, नव्या सर्व्हरलाही जोडली. त्या लाइनवर समोरच्याने फोन ठेवल्याची खूण म्हणून दाब उलटत नव्हता, त्यामुळे बोलणे संपले तरी गेटवे लाइन अडवून बसत असे. शेवटी एंगेज टोन रेकॉर्ड केला, त्यातला आवाजाचा आणि शांततेचा काळ मोजला आणि ते आकडे गेटवेत भरले. आता टोनची काही आवर्तने ऐकल्यावर तो लाइन सोडतो. पॅनेलची तार मात्र गेटवेच्या आधीच काढून सरळ लाइनवर घेतली आहे.