चोवीस मिलिमीटरचं मेंडोलिन

मडगावचे ते गृहस्थ आदल्या रात्री गोवा एक्सप्रेसनं मिरजेला उतरलेले. मी वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करतोय तोवर दारात हजर. पेटीत आजोबांचं मेंडोलिन, अर्ध्या कलिंगडासारख्या फुगीर पाठीचं, नेपल्सच्या घाटाचं. पिशवीत चाव्यांचे (तारा पिळून सुरात आणणाऱ्या खुंट्यांचे) दोन नवेकोरे संच, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवलेले आणि दोन्ही न बसणारे. "तिसरा कुठला घेऊ, तेवढं सांगा," म्हणाले.

कॅलिपर लावला. नव्या संचांत पहिल्या खुंटीच्या मध्यापासून चौथीच्या मध्यापर्यंत ६९ मिमी, वाद्याच्या डोक्यावरच्या भोकांत मात्र ७२. चार खुंट्यांमध्ये तीन अंतरं, म्हणजे संच २३ चे आणि वाद्य २४ चं. शेजारशेजारच्या दोन भोकांवर फुटपट्टी ठेवली की हा एक मिलिमीटर निसटतो. म्हणून पहिली ते चौथी मोजायचं आणि तीननं भागायचं. हल्ली सहज मिळणारे बहुतेक संच २३ चेच असतात (मूळ माप २९/३२ इंच). तिसरा मागवला असता तरी तेच झालं असतं. भोकं सरकवून नवी पाडायची तर आधी जुन्यांत लाकडी गुल्ली चिकटवावी लागते. तसंच ड्रिल चालवलं तर बिट जुन्या भोकात घसरतं, भोक लंबगोल होतं आणि खुंटी कायमची डुगडुगते.

मग नवे संच बाजूला सारून जुन्या चाव्यांकडे वळलो. तक्रार एवढीच होती की तारांच्या चार जोड्यांपैकी पहिली सूर धरत नाही, चावी पिळली की कट्ट करून सुटते. चार-चार चाव्यांच्या दोन्ही पट्ट्या उलगडल्या तर आत खोबरेल तेल. वाद्यावाल्यांनो, चाव्यांना खोबरेल घालू नका. थंडीत थिजतं आणि धूळ धरून त्याचं मेण होतं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन घासल्यावर पितळ दिसलं. पट्टीखालच्या लाकडावर स्क्रूची भोकं दोन रांगांत होती, दोन मिलिमीटरच्या फरकानं. जुन्या रांगेत काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या. आधी कुणीतरी पॉलिशसाठी चाव्या काढल्या होत्या आणि परत बसवताना डावी पट्टी उजवीकडे, उजवी डावीकडे गेली होती.

हे एवढं महत्त्वाचं का, तर तार खुंटीला नटकडे (डोक्याखालच्या, तारा टेकतात त्या पट्टीकडे) ओढते. वर्म, म्हणजे चावीबरोबर फिरून दातेरी चाक फिरवणारा आट्यांचा दांडा, नटच्या बाजूला असेल तर ती ओढ दातेरी चाकाला वर्मवर घट्ट दाबते. पट्ट्यांची अदलाबदल झाली की वर्म डोक्याच्या टोकाकडे जातो, आणि तीच ओढ चाकाला वर्मपासून दूर खेचते. दात अर्धेमुर्धे अडकतात आणि टोकं खरवडली जातात. फार जुन्या काही वाद्यांत चाव्या मुळातच अशा बसवलेल्या असतात, त्यामुळे दिसल्या दिसल्या उलटवू नयेत. आधी जुनी भोकं पाहावीत. इथं काड्यांनीच साक्ष दिली.

आठांपैकी सात चाकं धडधाकट निघाली. एकाचे तीन दात गेलेले. म्हणजे शोध संचाचा नव्हताच, एका चाकाचा होता. नव्या संचातलं चाक काढून पाहिलं. दात १४, जुन्याचेही १४. पण व्यास जवळजवळ एक मिलिमीटरनं कमी, त्यामुळे वर्मला नुसतं शिवत होतं, धरत नव्हतं. दात जुळले म्हणजे चाक जुळलं असं नाही. व्यास आणि खुंटीवर बसणाऱ्या चौकोनी भोकाचं मापही जुळावं लागतं. शेवटी मोडीत निघालेल्या वाद्यांचा डबा उपसला. बेंजोचे (बुलबुलतरंगाचे) भाग आमच्याकडे गणपतीच्या आधी हवे तेवढे असतात, मेंडोलिनच्या मात्र मोजून तीन पट्ट्या निघाल्या. तिसऱ्या पट्टीवरचं चाक बसलं. चौकोनी भोक किंचित तंग होतं, सुईकानशीचे चार हात पुरले. वर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब.

चाव्या झाल्या तरी माझा जीव तबलीत, म्हणजे वाद्याच्या पुढच्या पातळ फळीत, अडकला होता. घोडीच्या (तबलीवर तारा टेकतात त्या तुकड्याच्या) मागं ती दबायला लागली होती आणि कारण समोरच दिसत होतं: वाद्यावर ११-१५-२६-४० चा तारांचा संच चढवलेला. हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागातले. कमानदार तबलीच्या अमेरिकी घाटाला तो ठीक, या पातळ तबलीला नाही. दुकानात नुसतं "मेंडोलिनचा सेट द्या" म्हटलं की बहुधा हाच किंवा याच्या जवळचा हातात पडतो. तणाव जाडीच्या वर्गानं वाढतो, म्हणून पहिली तार ११ ऐवजी ९ ची घेतली तर ओढ तिसऱ्या हिश्शानं उतरते. नट ते घोडी ३३० मिमी धरून आठही तारांचा हिशेब केला: जाड संचाची ओढ साधारण ७० किलो, ९-१३-२०-३२ ची ४६.

हा हलका संच सांगलीत नव्हता, कोल्हापुरातही नव्हता. पण मिरजेत बसून पोलादी तारेसाठी कशाला रडायचं? शेजारच्या सतारवाल्या चाचांकडे गेलो. "शून्य नंबर? सतारीला तरफ लावतोयस काय?" (तरफ म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा.) शून्य नंबर म्हणजे ०.००९ इंच, आपली पहिली जोडी. चार नंबर म्हणजे ०.०१३, दुसरी जोडी. दोन्ही गुंडाळीतून कापून मिळाल्या. टोकाला फासा हातानं वळला, आधी सैल पीळ आणि शेवटी चार घट्ट वेढे, नाहीतर सुरात आल्यावर फासा सरकत राहतो. गुंडाळलेल्या तारा, २० आणि ३२ च्या, गिटारच्या सुट्या घेतल्या. त्यांच्या टोकाला पितळी मणी असतो आणि टेलपीसला (तारांची खालची टोकं अडकतात त्या पत्र्याला) हवा फासा. मणी पकडीत आडवा धरून हलकेच चिरडला की तुटून पडतो, फासा शाबूत राहतो. जोर जास्त लागला तर तारच चेपते; माझी एक गेली.

घोडी मूळची नव्हती. कुणीतरी चकत्यांनी वरखाली होणारी, कमानदार बुडाची बसवली होती. पार खाली उतरवूनही उंचच, आणि बूड सपाट तबलीवर दोन टोकांवरच टेकलेलं. ती काढून शिसमाच्या तुकड्यातून ९ मिमी उंचीची केली, वर उंटाच्या हाडाची पट्टी. तबलीवर १२० नंबरचा कागद खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि घोडी त्यावर घासायची, मग २२०. बुडाखालून उजेड दिसेनासा झाला की थांबायचं. जागा नट ते बारावा पडदा १६५ मिमीच्या दुप्पट, अधिक दीड मिलिमीटर. जाड तारांकडचं टोक आणखी जरा मागं. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं शिवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर एक येईपर्यंत केसाकेसानं सरकवली.

तारा पहिल्या दिवशी दोन सूर खालीच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण चढवल्या: जी, डी, ए, ई. फुटपट्टी लावून पाहिली, तबली आणखी दबली नव्हती. पहिली जोडी रात्रभर सुरात राहिली.

पेटीच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवली: खुंट्या २४ मिमी, चाक १४ दाती, तारा ९-१३-२०-३२, घोडी ९ मिमी. सोबत शून्य नंबरच्या तारेचं पाच हाताचं वेटोळं. न बसणारे दोन संच गृहस्थांनी माझ्याच डब्यात टाकले. २३ चं एखादं मेंडोलिन येईलच.