सतत हरणाऱ्या संघाबद्दलची आशा कुठे ठेवायची

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्सचा २०२३-२४चा मोसम सुरू झाला दोन विजय आणि एका पराभवाने. त्यानंतर सलग २८ पराभव. ३० डिसेंबर २०२३ला टोरंटो रॅप्टर्सला १२९-१२७ असं हरवलं तेव्हा कुठे गाडी ३-२९वर (३ विजय, २९ पराभव) आली. मोसम संपला १४-६८वर. आणि पुढच्याच मोसमात ४४-३८, शिवाय प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी.

हे उदाहरण देऊन ‘बघा, काहीही होऊ शकतं’ म्हणणारे पुष्कळ असतात. काहीही होत नसतं. सॅक्रामेंटो किंग्ज २००६-०७ ते २०२१-२२ अशी ओळीने सोळा वर्षं प्लेऑफबाहेर राहिले. ‘यंदा नक्की’ म्हणणारे तिथेही होतेच. आशा ठेवायला कुणाची ना नाही, पण ती योग्य आकड्यावर ठेवली तर निदान दर आठवड्याला तोंडावर आपटायची वेळ येत नाही.

विजय-पराजयाचा रकाना सगळ्यात उशिरा बदलतो. त्याच्या आधी हलतो तो गुणफरक, म्हणजे सामन्यामागे सरासरी किती गुणांनी जिंकतो किंवा हरतो. ढोबळ हिशेब असा: ८२ सामन्यांच्या मोसमात गुणफरक शून्य असेल तर ४१ विजय, आणि प्रत्येक एका गुणामागे साधारण २.७ विजय वर किंवा खाली. संघाचा फरक उणे ३ असेल तर ४१मधून ८ वजा करा, ३३ विजय अपेक्षित. प्रत्यक्षात २५च मिळाले असतील, तर तो २५ विजयांचा संघ नाही. शेवटच्या दोन मिनिटांत नशिबाने मार खाल्लेला ३३चा संघ आहे. अटीतटीचे सामने हरण्याची ‘सवय’ लागते असं समालोचक सांगतात. बहुतेकदा ती सवय पुढच्या मोसमात आपोआप सुटते. उलट, फरक उणे ९ असताना दोन-चार थरारक विजय मिळाले, तर त्यावर उड्या मारू नयेत.

गुणफरकातही एक खोट असते, ती काढून टाकावी. प्रतिस्पर्ध्यांचे थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, थोडक्यात ‘थ्री’) किती टक्के पडतात, यावर बचावाचा ताबा फार कमी असतो. किती थ्री मारू द्यायचे हे बचाव ठरवतो, पडतील की नाही हे बरंचसं नशीब ठरवतं. समजा समोरचे संघ सामन्याला ३५ थ्री मारतात आणि ३६ऐवजी ३९ टक्के पडतात. म्हणजे सामन्याला एक बास्केट जास्त, तीन गुण जास्त. तीन गुणिले २.७, मोसमात आठ विजय गेले! प्रशिक्षकाला काढा म्हणून ओरडण्याआधी हा एक आकडा पाहून घ्यावा. प्रतिस्पर्ध्यांच्या फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या, कुणी न अडवता मारायच्या शॉटच्या) टक्केवारीचंही तेच. तिथे तर बचावाला हात वर करायचीसुद्धा सोय नाही.

ज्यांचा दोष खरोखर संघाकडे जातो त्या गोष्टी वेगळ्या: टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू), बचावातले निसटलेले रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर परत आलेला चेंडू), आणि समोरच्याला दिलेले फुकटचे फ्री थ्रो. तरुण संघ इथेच हरतात, आणि सुधारणाही आधी इथेच दिसते. दहा-दहा सामन्यांचे गट करून फक्त टर्नओव्हर मांडले तरी चित्र स्पष्ट होतं. एका सामन्यावरून काही ठरवू नये, त्यातही तो लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्रीचा असेल तर मुळीच नाही.

आता लॉटरी, म्हणजे ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोण आधी निवडणार हे ठरवणारी सोडत. हरणाऱ्या संघाचे चाहते डिसेंबरपासूनच ड्राफ्टच्या गप्पा सुरू करतात, आणि माझ्या मते आशा गुंतवायची ही सगळ्यात वाईट जागा. १४ चेंडूंमधून चार काढतात, त्यांच्या १,००१ जुळण्या होतात, एक रद्द धरतात. २०१९पासूनच्या पद्धतीत तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० जुळण्या, म्हणजे पहिल्या पिकची (सगळ्यात आधी निवडण्याच्या हक्काची) शक्यता १४ टक्के. सोडत फक्त पहिल्या चार जागांची. त्यामुळे सगळ्यात शेवटच्या संघाला पाचवा पिक मिळण्याची शक्यता तब्बल ४७.९ टक्के असते. १४-६८ करून पिस्टन्सला २०२४मध्ये पाचवाच मिळाला. पहिला गेला अटलांटाकडे, ज्यांची शक्यता ३ टक्के होती. २०२५मध्ये डॅलसने १.८ टक्क्यांवर बाजी मारली. शिवाय आपला पिक आपल्याकडे आहे का, तेही तपासावं. तो आधीच विकलेला आणि ‘पहिल्या चारात आला तरच आपला’ अशा संरक्षणावर असेल, तर तळाला राहूनही जवळपास निम्म्या वेळा हातात भोपळा.

मग पिस्टन्सचं बदललं काय? जादूई पिक नव्हे. संघाचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमच्या आजूबाजूला नेम धरणारी माणसं आली. मलिक बीझलीला एका वर्षासाठी ६० लाख डॉलरवर घेतलं, आणि त्याने मोसमात ३१९ थ्री पाडले. त्याच्यामागे धावायला बचावपटू बाहेर गेले की रिंगखाली केडला वाट मोकळी. टोबायस हॅरिस आणि टिम हार्डवे ज्युनियर हे अनुभवी गडी आले, नवा प्रशिक्षक आला. मूळची पोरं तीच होती. म्हणून आपल्या संघाकडे पाहताना विचारायचा प्रश्न हा: गाभ्यात मुख्य खेळाडू आहे का, आणि त्याच्याभोवतीची भोकं पैशांनी बुजणारी आहेत का? नेमबाज विकत मिळतो. दोन बचावपटूंना अंगावर घेऊन पास काढणारा सहसा मिळत नाही.

त्यासाठी करारांची वही उघडावी. पहिल्या फेरीतल्या नवोदिताचा करार चार वर्षांचा, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. म्हणजे चांगला निघाला तर तो तोवर स्वस्तात पडतो. मोठे करार नेमके त्याच काळात संपत असतील तर संघ मजबूत करायची खरी खिडकी उघडते. ते दोन वर्षं पुढे लांबत असतील तर तेवढी वर्षं धीर धरायचा, एवढं साधं आहे.

नवोदितांच्या आकड्यांनी फार हुरळू नये, खचूही नये. १५० थ्रीमध्ये ४५ पडले तर ३० टक्के, ५४ पडले तर ३६. एक ‘नेम नाही’ म्हणून बदनाम, दुसरा ‘नेमबाज’. फरक नऊ चेंडूंचा. फ्री थ्रो पाहा. ८० टक्क्यांच्या वर मारणाऱ्याचा थ्री बहुधा सुधारतो, ६० टक्क्यांवर अडकलेल्याची मात्र काळजी करावी.

एखाद्या रात्रीच्या लाजिरवाण्या पराभवाचं काय करायचं? २ डिसेंबर २०२१ला मेम्फिसने ओक्लाहोमा सिटी थंडरला १५२-७९ असं हरवलं. ७३ गुण, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक. थंडरचा मुख्य खेळाडू शाय गिल्जस-अलेक्झांडर त्या रात्री खेळत नव्हता. त्या मोसमात थंडर २४-५८, पण २०१९मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून शाय आणि पिकांची रास त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. त्यातल्याच एका पिकवर २०२२मध्ये बाराव्या क्रमांकाने जेलन विल्यम्स आला. पुढे ४०-४२, ५७-२५, ६८-१४ आणि जून २०२५मध्ये अजिंक्यपद. ७३ गुणांनी हरल्याने त्या हिशेबातलं काहीच हललं नव्हतं.

उलट बाजूने फसवतात ते मार्च-एप्रिलमधले विजय. तेव्हा वरचे संघ मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात, तळाचे संघ भलत्याच पोरांना उतरवतात. सलग पाच विजय दिसले तर आधी समोर कोण कोण खेळलं ते पाहा, आणि पुढच्या मोसमाचे पहिले वीस सामने होईपर्यंत तो निकाल पेन्सिलनेच लिहून ठेवा.