आत्याची काळी चार आणि गिटारचं ओपन जी

आत्याचा सा काळी चार, म्हणजे गिटारच्या भाषेत जी शार्प. यात अवघड काहीच नाही, पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरची धातूची पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि जी चे शेप धरायचे, सूर मिळाला. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गुरुवारी दत्ताची भजनं असतात, पेटी वाजवणारे काका आता मुलाकडे राहायला गेलेत, म्हणून साथीला मी. पण मी जी च्या कॉर्डवरून (एकत्र वाजणारे सूर) सी च्या कॉर्डवर गेले की आत्या गाता गाता माझ्याकडे बघायची, आणि भजन संपलं की म्हणायची, "तू मध्येच सा का हलवतेस गं?" आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलीय, तेच, १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेलं, त्यामुळे तिला कॉर्ड प्रोग्रेशन वगैरे समजावायला जाणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. आणि तिचं बरोबरच होतं, सी वाजवला की खाली बेसला सी येतो, म्हणजे मध्यम, आणि कान बिचारा त्यालाच सा धरायला लागतो.

मग ओपन ट्यूनिंगच्या मागे लागले, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशा तारा मिळवायच्या. ओपन जी साठी फक्त तीन तारा उतरवायच्या, सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. बाकीच्या तीन आहेत तशा. जाडीकडून वाचलं तर डी जी डी जी बी डी, आणि जी ला सा धरलं तर प सा प सा ग प. आता तानपुरा काय असतो, प सा सा सा! हे कागदावर लिहून बघितलं तेव्हा मला जाम मजा आली, हवाईत हेच ट्यूनिंग टारो पॅच म्हणून चालतं आणि आपल्याकडे ते अर्धं घरचंच निघालं.

एक भानगड मात्र आहे, सगळ्यात खालचा सूर प आहे. सहावी तार जोरात वाजली की कान परत भरकटतो. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स ओपन जी मध्ये सहावी तार काढूनच टाकतो, पाच तारांवर वाजवतो. मी काढली नाही, छेडत नाही इतकंच.

तर खरी युक्ती ही की वरच्या चार तारांवर पाचव्या फ्रेटला (कॅपोपासून मोजून) पहिल्या बोटानं आडवा बार धरायचा आणि पाचवी तार मोकळी सोडायची. वर मध्यमाची कॉर्ड वाजते आणि खाली सा तसाच. सातव्या फ्रेटला पंचमाची कॉर्ड, खाली परत सा. सा जागचा हलतच नाही! हे जमायला थोडे दिवस गेले कारण बोट सवयीनं पाचव्या तारेवर जाऊन बसतं, आणि डावा हात जुने शेप शोधत राहतो. ओळखीची एकही कॉर्ड जागेवर नसते ना. पण त्यामुळेच मी बोटांकडे बघायचं सोडून ऐकायला लागले, मतलब नाइलाजानं.

इतकं झाल्यावर आत्या खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "गंधार चढाय."

ट्यूनर अगदी मधोमध हिरवा दाखवत होता. मी तिला मोबाइल दाखवला, तिनं मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही, तानपुरा काढला आणि खर्जाची तार नुसती छेडत बसली, म्हणाली यातून वर कोणता सूर येतोय ऐक. थोडा वेळ काही कळेना, मग ऐकू आला, त्या तारेतून आपोआप गंधार निघतो आणि तो माझ्या दुसऱ्या तारेपेक्षा खरंच खाली होता. गणित असं की नैसर्गिक गंधार सा च्या ५/४ पट, म्हणजे सुमारे ३८६ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे सेंट), आणि ट्यूनर ज्या समान बारा भागांच्या हिशेबानं चालतो त्यात तो ४००. चौदा सेंटचा फरक. पेटीचाही गंधार तसाच चढा असतो हे मी बोलून दाखवलं, तर म्हणे पेटीची सवय झालीय. (रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती त्यात श्रुतींचाही मुद्दा होता, तेव्हा सवय सगळ्यांनाच झाली होती असं नाही.)

मग ट्यूनर बंद करून दुसरी तार हळूहळू उतरवली, सा च्या तारेबरोबर वाजवत, दोन सूर नीट जुळत नसले की आवाजात जी लहर येते ती जिथे थांबते तिथे सोडली. फरक इतका आहे की एकदा ऐकल्यावर जुना गंधार नकोसा होतो. अर्थात फुकट काही मिळत नाही, दुसरी तार खाली आली म्हणजे तिच्यावरचे सगळेच स्वर खाली आले, पहिल्या फ्रेटचा मध्यम पण. आडव्या बारला चालतं कारण अख्खी कॉर्डच सरकते, पण सुटा मध्यम मी तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर घेते, तिथे तो ठीक लागतो.

आता कोमल गंधार. भीमपलासातलं भजन निघालं आणि मोकळी तार शुद्ध गंधार बोंबलतेय, कसं चालेल? तिथे दुसरी तार अर्धा सूर चढवून सी करायची, प सा प सा म प, गंधारच नाही म्हणजे भांडणही नाही. भीमपलासात मध्यम वादी, म्हणजे मुख्य सूर, आहे त्यामुळे मोकळा मध्यम उलट शोभतो. डॅडगॅडही करून बघितलं, डी ए डी जी ए डी, ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमनं रूढ केलेलं, त्यातही गंधार नाही आणि आवाज फार सुंदर आहे. पण त्यात सा म्हणजे डी, काळी चारसाठी कॅपो सहाव्या फ्रेटवर जातो आणि गिटार चिरकायला लागते. पांढरी दोनमध्ये गाणारा असेल तर डोळे मिटून डॅडगॅड करा.

किरकोळ गोष्टी सांगते. तारा उतरल्या की ढिल्या पडतात, माझी पाचवी आणि सहावी फ्रेटवर खडखडायची, महाराज बाड्याजवळच्या दुकानात अकराचाच सेट होता म्हणून बाराचा ऑनलाइन मागवला (पहिली तार ०.०१२ इंच), खडखड बरीच गेली. तार उतरवताना हव्या सुरापेक्षा थोडी खाली न्यायची आणि मग वर आणून थांबवायची, नाहीतर खुंटीतली ढिलाई नंतर सूर खाली नेते. आणि शेवटचं मिळवणं कॅपो लावल्यावरच, कॅपो तारा थोड्या ताणतो.

भजनांचा क्रमही आता आम्ही तारेवरून लावतो. आधी शुद्ध गंधाराची सगळी, मग एकदाच दुसरी खुंटी फिरवायची आणि कोमलवाली. शेवट भैरवीनंच, तिचा गंधार कोमलच, म्हणजे तेही बसलं.

मालकंसाचं काही जमलं नाही. त्यात पंचमच नाही आणि माझ्या तीन तारा पंचमाच्या, त्या मध्यमावर उतरवल्या तर चार मध्यम होतात आणि सगळ्यांचे कान मध्यमालाच सा समजून बसतात. आत्यानं मालकंस लावला की मी गिटार बाजूला ठेवते आणि टाळ घेते.